शेवटचा नळ

तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एक प्रश्न हमखास विचारतो. एका गावात एकाएकी तीस माणसं आजारी पडली, तर तुम्ही पहिलं काय विचाराल? बहुतेक पोरं लक्षणं विचारतात. अभ्यासू पोरं लगेच पाण्याचे नमुने घ्यायला धावतात. "गावात माणसं किती?" असं विचारणारं पोर वर्षाकाठी एखादंच निघतं, आणि त्याच्यावर मी भलताच खूश होतो. शेजारचे परीक्षक म्हणतात, एवढ्याशा उत्तराला इतके मार्क कशाला? त्यांना काय सांगणार? हा प्रश्न मला ज्या बाईंनी शिकवला, त्यांनी तो मेंढरांकडून घेतला होता.

साथी कशा येतात, कशा पसरतात आणि त्यांचा माग कसा काढायचा, हे मी आज सांगलीत पोरांना शिकवतो. पुढ्यात जाडजूड पुस्तकं असतात, मागे पडद्यावर आलेख असतात. पण माझं स्वतःचं शिक्षण उंब्रजपासून आत, उसाच्या पट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात झालं. मी तेव्हा नुकताच डॉक्टर झालो होतो. माधवनगरच्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडलेला, गळ्यात स्टेथोस्कोप आणि डोक्यात हवा. तिथल्या आरोग्य सहाय्यिका होत्या कोळेकर बाई. हाताखाली सहा उपकेंद्रांच्या नर्स, निवृत्तीला वर्ष राहिलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, वर नऊवारीच्या थाटात खोचलेली पाचवारी आणि खांद्याला कापडी पिशवी. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सायब, चालायची सवय हाय न्हवं?" मला वाटलं चेष्टा करतायत. तो प्रश्न अगदी कामाचा होता हे मला पहिल्याच आठवड्यात, पायाला फोड आल्यावर कळलं.

बाई मूळच्या जतकडच्या. वडील मेंढपाळ, वर्षातले आठ महिने मेंढरांचं खांड घेऊन फिरणारे. पोरगी सातवीपर्यंत शिकली ती वाटेत लागेल त्या गावच्या शाळेत बसून, आणि पुढे मामाकडे राहून नर्सिंगपर्यंत पोचली. मेंढरांची भाषा मात्र सुटली नाही. एखादी आशाताई धावत येऊन म्हणायची, "बाई, वाडीत तीन पोरांना गोवर निघाला, वरच्या गावात धा जणांना. वरच्या गावात लय वाढलाय." बाई पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला प्यायला लावायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "वाडीत पोरं किती?" आशाताई मोजून सांगायची, सात. "आनि वरच्या गावात?" तिथं शंभराच्या पुढे. "मग वाढलाय कुठं गं?" आशाताई तशीच वाडीकडे निघायची.

ही खोड त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की ती कुठेही बाहेर पडायची. कुणाचा मुलगा शर्यतीत तिसरा आला म्हणून पेढे आले, तर पेढा तोंडात टाकून विचारणार, पळत किती होती? या साली म्हातारी माणसं फार गेली असं कुणी हळहळलं, की ह्यांचं सुरू, गावात म्हातारी हायत तरी किती? लोक मागे हसायचे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्या म्हणायच्या, आमचे बाबा सांजच्याला मेंढरं मोजायचे, पण सकाळी किती सोडली ते ठाऊक नसलं तर त्या मोजण्याला काय अर्थ?

त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांची पानं टांगलेली असत, आणि त्यांवर टिकल्या. खऱ्याखुऱ्या, कपाळाला लावायच्या. कुणी आजारी पडलं की ज्या दिवशी पहिला त्रास सुरू झाला त्या तारखेच्या चौकोनात एक टिकली. तापाची हिरवी, जुलाबाची लाल, काविळीची अर्थातच पिवळी. केंद्रावर आला तो दिवस नव्हे, त्रास सुरू झाला तो दिवस, यावर त्यांचा फार कटाक्ष. पेशंट आज आलाय, मग आजचीच तारीख घाला ना, असं मी एकदा बोलून गेलो. त्यावर त्या म्हणाल्या, माणूस आपल्याकडं सवडीनं येतंय, रोग काय त्याची सवड बघत न्हाई. पुढे मी मोठ्या मोठ्या परिषदांमध्ये साथींचे रंगीत आलेख पाहिले, आणि प्रत्येक वेळी मला बाजारातल्या पाकिटातल्या त्या टिकल्या आठवल्या.

हे सगळं माझ्या लेखी गमतीचं होतं, चिंचमळीचं प्रकरण घडेपर्यंत.

चिंचमळी आमच्याच केंद्राखालचं गाव. घराआड एक फौजी. त्या गावचा एक सुभेदार अठ्ठावीस वर्षांची नोकरी करून घरी परतला, तेव्हा गावाने हौसेने त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. खालच्या आळीच्या तोंडाशी मोठी स्वागत कमान उभारली आणि रविवारी देवळापुढे गावजेवण घातलं. स्वयंपाक केला गावच्याच बचत गटाने. गटाची पुढारी शालन यादव, पस्तिशीची, नवऱ्याच्या अपघातानंतर घर एकटीच्या जिवावर ओढणारी. एवढ्या मोठ्या जेवणाचं काम बायकांच्या गटाने घेण्याची ती पहिलीच वेळ. बाहेरचा आचारी आणावा असं म्हणणारे गावात पुष्कळ होते. सुभेदारांनीच शालनच्या बाजूने शब्द टाकला होता. वांग्याची भाजी, भात, आमटी, जिलेबी आणि शेवटी मठ्ठा. पंगती उठल्या त्या नाव काढत.

सोमवारी संध्याकाळी जुलाब-उलट्यांचे पहिले दोघेतिघे आले. मंगळवारी खोलीत खाटा पुरेनात, काहींना मलकापूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. बुधवारी रांग आणखी वाढली. औषधपाण्याला कमी पडलो नाही, कुणी दगावलं नाही. पण मंगळवारी दुपारी उंब्रजहून एक वार्ताहर आला आणि त्याने माझ्यापुढे मोबाईल धरला. मी विचारलं होतं प्रत्येक पेशंटला, रविवारी मठ्ठा प्यालात का म्हणून. सगळे हो म्हणाले होते. मी छाती पुढे काढून सांगितलं की अन्नातून विषबाधा झालेली दिसते, मठ्ठ्याचा संशय आहे.

तासाभरात माझं ते बोलणं तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर जाऊन पोचलं. संध्याकाळपर्यंत शालनच्या दारात माणसं जमली. तिच्या गोठ्यातलं दूध डेअरीने नको म्हटलं. शाळेतली खिचडी तिचा गट शिजवायचा, तिथंही पालकांनी डबे परत पाठवले. शनिवारी ग्रामसभा बोलवायची आणि गटाकडून गावची सगळी कामं काढून घ्यायची असं ठरलं. शालन बुधवारी केंद्रावर आली, माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. ती बाईंच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ताक माझ्या घरचं हुतं. माझी दोन्ही पोरं प्याली, चांगली खेळत्यात. पन माझं कोन ऐकनार?"

बाईंनी तिला बसवलं, आणि मला भिंतीजवळ बोलावलं. कॅलेंडरवर लाल टिकल्या सोमवारी तीन, मंगळवारी ओळभर, बुधवारी त्याहून दाट. बाई म्हणाल्या, एका दुपारच्या जेवणानं बिघडलं असतं तर सगळ्या टिकल्या एकाच ठिकाणी बसल्या असत्या आणि आतापर्यंत ओसरल्या असत्या. या तर अजून चढतायत. म्हणजे जे काही आहे, ते माणसांच्या पोटात रोज नव्याने जातंय.

मी म्हणालो, पण कालपर्यंतचे सगळे पेशंट मठ्ठा प्यालेत, मी स्वतः विचारलंय. त्यावर बाई जे बोलल्या ते मी आज दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो, फक्त शुद्ध भाषेत. मूळ बोल असे होते: "सायब, आजारी मानसं आपल्याकडं चालत येत्यात. जी बरी हायत ती कशाला येतील? त्यांच्याकडं आपल्यालाच जावं लागतंय. बाबांची मेंढरं मरायला लागली की बाबा मेलेल्या मेंढराजवळ बसत नव्हते. जिती ऱ्हायली ती कुठं चरली, कुठं पानी प्याली, त्ये बगत हिंडायचे."

गुरुवारी सकाळी आम्ही चिंचमळीत शिरलो. बाईंनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे आजारी, उजवीकडे बरे. प्रत्येक आजारी माणसामागे त्याच आळीतला, साधारण त्याच वयाचा एक धडधाकट माणूस. म्हाताऱ्याला म्हातारा, पोराला पोर. नाहीतर तुलना कशाशी करणार, असं त्या म्हणाल्या. पहिल्या घरात मी सवयीने सुरुवात केली, मठ्ठा प्यालात का? बाईंनी मला ओट्यावरून खाली आणलं आणि हळूच म्हणाल्या, उत्तर हातात देऊन सवाल विचारू नका. गावात दोन दिवस मठ्ठ्याशिवाय बोलणं नाही. आता ज्याला त्याला तो आंबट लागलेला आठवतोय.

त्यांची रीत वेगळी. पंगतीत कुणाच्या शेजारी बसला होता, इथून सुरुवात. पत्रावळीवर पहिल्यांदा काय पडलं? मीठ. मग? भाजी. भात कोण वाढत होतं? जिलेबी किती घेतल्या, खरं सांगा. असं पदर उलगडत त्या मठ्ठ्यापर्यंत पोचायच्या, तोवर माणूस मनाने पंगतीत जाऊन बसलेला असायचा. मठ्ठा नासका होता असं ज्याने छातीठोक सांगितलं होतं, तो गडी जिलेबीपर्यंत आला आणि अडखळला. लाऊडस्पीकर बंद पडला म्हणून तो मधूनच उठून गेला होता. मठ्ठ्याचा थेंबही त्याच्या तोंडात गेला नव्हता. तो एवढा ओशाळला की आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडेना. बाईंनी चहा घेतला, पाणी मात्र घेतलं नाही.

संध्याकाळी वहीची बेरीज झाली. मठ्ठा प्यालेले आजाऱ्यांत जितके, बऱ्यांतही जवळजवळ तितकेच. पण मठ्ठ्यालाच दोष देणारे गावचे सरपंच हार मानायला तयार नव्हते. त्यांनी एक नामी पुरावा आणला. खालच्या आळीतल्या एका घरात सगळे आडवे झाले होते, फक्त बाळंतीण सून ठणठणीत होती. भात, जिलेबी तिला घरी पोचली होती, मठ्ठा बाळंतिणीला कुणी देत नाही. आता बोला, म्हणाले. खरं सांगतो, मलाही ते पटलं. बाईंनी विचारलं, "आण्णा, ती पानी कसलं पिती?" बाळंतीण उकळलेलं पाणी पीत होती, शेपा घालून. मठ्ठा नाही आणि साधं पाणीही नाही, दोन्ही गोष्टी एकाच बाईत. मग दोष कुणाचा, हे तिच्यावरून कसं ठरणार?

ठरवायला बाईंना दोन माणसं हवी होती, आणि ती त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत शोधून काढली. एक खुद्द सुभेदार. खालच्या आळीतच घर. त्यांनी चार ग्लास मठ्ठा प्यालेला सगळ्या गावाने पाहिला होता, आणि तब्येत खणखणीत. फौजेतल्या सवयीने ते उकळलेलं पाणी थर्मासमध्ये भरून जवळ बाळगायचे. दुसरा, उसाच्या ट्रॅक्टरचा चालक. जेवणाच्या दिवशी तो गावातच नव्हता, कारखान्यावर गाडी खाली करायच्या रांगेत अडकला होता. सोमवारी घरी आला, माठातलं पाणी प्याला आणि बुधवारी सलाईनवर होता. त्याने ना मठ्ठा पाहिला ना जिलेबी. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, चला नळाकडं.

आजारी घरं सगळी खालच्या आळीतली. तिथं ज्यांची स्वतःची बोअर होती ती बरी होती. जलवाहिनी वरच्या टाकीतून यायची आणि आळीच्या तोंडाशी गटाराला चिकटून खाली उतरायची. नेमकी तिथेच ती स्वागत कमान उभी होती, सुभेदारांचा फौजी वेशातला फोटो लावलेली. कमानीच्या डाव्या खांबासाठी शनिवारी खड्डा खणला होता. बाईंनी सरपंचांना न विचारता पहार मागवून खणायला लावलं. खांबाच्या बुडाशी माती ओली होती आणि पाइपाला खड्डा खणताना बसलेला पहारीचा टोचा दिसत होता. नळ एक दिवसाआड यायचा. पाणी बंद असताना त्या फटीतून गटार आत झिरपायचं आणि नळ सुटला की थेट माठात. सुभेदार शेजारीच उभे होते. त्यांनी आपल्या फोटोकडे पाहिलं, मग कमानीचा दोर स्वतः सोडायला घेतला.

मी आनंदाने फुगलो होतो. शालन सुटली होती, माझी चूकही त्या खड्ड्यात बुजवता येणार होती. केंद्रावर येऊन मी अहवाल लिहायला बसलो. बाई पाण्याचं रजिस्टर घेऊन आल्या आणि माझ्यापुढे उघडून ठेवलं. दर सोमवारी गावातल्या पहिल्या आणि शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून बघायचं असतं. पिवळं झालं तर टाकीत घातलेलं क्लोरीनचं औषध शेवटपर्यंत पोचतंय, नाही झालं तर वाटेत कुठंतरी घाण मिसळतेय. त्या सोमवारी चिंचमळीची नर्स रजेवर होती, तपासणी बाईंनीच केली होती. पहिला नळ, पिवळा. शेवटचा नळ, पिवळा. खाली सही.

मी म्हणालो, मग सोमवारी पाणी चांगलं होतं म्हणायचं. बाईंनी मान हलवली. "मी शेवटच्या नळाला गेलेच न्हाई. सुभेदारांच्या बायकोनं देवळात हळदीकुंकवाला थांबवलं, उशीर झाला, यष्टी चुकंल म्हनून वरच्या नळाचं बगितलं आनि दोन्हीकडं लिवलं. तीस वर्सांत पैल्यांदा. त्या दिवशी खाली गेले असते तर सोमवारीच कळलं असतं."

मी घाईघाईने त्यांना समजावलं. पाइप सापडलाय, दुरुस्तीही होईल, रजिस्टर कोण उघडून बघतंय? निवृत्तीला सहा महिने राहिलेत. कशाला अंगावर ओढून घेता? मला ते आज आठवलं की लाज वाटते. बाईंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लोकं सांगत्यात त्यावर इस्वास ठिवून आपन ही यादी केली. माझंच खोटं त्यात ऱ्हायलं, तर शालनची सुटका तरी कोन खरी मानंल?"

शनिवारी ग्रामसभेला देवळापुढचं मैदान गच्च भरलं. आधी मी उठलो आणि मठ्ठ्याबद्दल घाईने बोललो ती माझी चूक होती असं सांगितलं. बाईंचं ते बोलणं ऐकून आल्यावर दुसरं काही सांगताच आलं नसतं. मग बाई उठल्या. टिकल्यांचं कॅलेंडर त्यांनी देवळाच्या खांबाला लावलं, वहीची दोन्ही पानं वाचली, ट्रॅक्टरवाल्याला उभा केला, सुभेदारांना उभं केलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा कळेल असं, एक एक पाऊल टाकत त्या पाइपापर्यंत आल्या. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कमान सगळ्यांनीच उभारली होती. तेवढ्यात बाईंनी रजिस्टर वर धरलं आणि सोमवारच्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं, की शेवटच्या नळापुढं पिवळा लिहिलाय, ती सही माझी आहे आणि ते खोटं आहे. शालनच्या हातनं काही चुकलेलं नाही. माझ्या हातनं चुकलंय.

मग सुभेदार उठले, आणि ज्या माणसासाठी सहा दिवसांपूर्वी ढोल वाजले होते तो माणूस बाईंपुढे ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सलाम ठोकला. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले आहेत, पण एवढा अभिमान मला कुठल्याच सत्काराला वाटलेला नाही. शालनच्या गटाची कामं गटाकडेच राहिली. सोमवारपासून शाळेतली खिचडी पोरं पुन्हा खाऊ लागली.

बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. मोठमोठे अधिकारी अशा नोटिशीला चार पानं उत्तर लिहितात. बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: मी त्या नळापर्यंत गेले नव्हते. सेवापुस्तकात लेखी ताकीद नोंदली गेली. तिची झेरॉक्स मी मागून घेतली आहे. माझ्या वर्गाच्या कपाटात ती आजही आहे, आणि प्रत्येक नव्या तुकडीला मी ती वाचायला देतो. आधी त्यांना वाटतं, सर शिक्षा दाखवतायत. पुढे कुणाकुणाला उमगतं.

सहा महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाचं जेवण चिंचमळीनेच मागून घेतलं, देवळापुढेच, आणि स्वयंपाकाला शालनचा गट. मठ्ठा असणारच होता, त्यावर शालन अडून बसली होती. मी भाषण पाठ करून आलो होतो. माझा पुकारा झाला, मी उभा राहिलो आणि बघतो तर सत्कारमूर्ती खुर्चीत नाही.

मी शोधत खालच्या आळीत गेलो. आळीच्या पार टोकाला, शेवटच्या नळापाशी, बाई उभ्या होत्या. अंगावर गावाने नेसवलेलं रेशमी लुगडं, पायात तेच कॅनव्हासचे बूट. शेजारी शालन, हात पिठाने माखलेले. बाईंनी काचेची नळी भरली, दोन थेंब टाकले, पण स्वतः पाहिली नाही. नळी त्यांनी शालनच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू बग. आन काय दिसतंय त्येच सांग."

शालनने नळी उन्हाकडे धरली. बराच वेळ ती बघत राहिली.

"पिवळं हाय, बाई."

बाईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं, पेन शालनकडे दिलं आणि बघणाऱ्याने सही करायची जागा दाखवली. शालनने पदराला हात पुसले आणि सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी, आपलं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी ते एकदा वाचलं, रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं आणि पंगतीकडे चालू लागल्या. वाटेत मला म्हणाल्या, आता मठ्ठा वाढायला सांगा.